कारंटीनची भिंत

काशीराम सुर्वे रत्नागिरीच्या एका इंग्रजी शाळेत ड्रिल मास्तर होता. मूळचा संगमेश्वराकडचा, बसऱ्याच्या लढाईत जाऊन आलेला, चाळिशी नुकतीच ओलांडलेला माणूस. आवाज मोठा, पण वापर कमी. पलटणीतून सुटल्यावर त्यानं पुण्याला तीन महिन्यांचा कसरतीचा वर्ग केला होता आणि तिथून येताना एक वेड बरोबर आणलं होतं. माणसाचं बळ डोळ्यांनी जोखायचं नाही, मोजायचं. अमका पोरगा धावतो छान, असं कोणी म्हटलं की तो शांतपणे विचारी, "किती यार्डं? किती सेकंदांत?" खाकी कोटाच्या एका खिशात शिंप्याची फीत आणि दुसऱ्यात एक लांबट वही, ही त्याची हत्यारं.

एकोणीसशे चौतीस साली गणपती गेले, पाऊस मागं सरला, आणि दिवाळीनंतर चिपळूणच्या पोरांशी फुटबॉलचा सामना ठरला. खेळायला सव्वीस पोरं पुढं आली. घ्यायची होती अकरा. मागल्या वर्षी अकरा निवडताना ज्याचा बाप वजनदार त्याचं पोरगं संघात, असा प्रकार झाला होता. काशीरामनं हेडमास्तरांना सांगितलं, "यंदा मी मोजून घेणार. धाव मोजणार, लाथ मोजणार आणि उडी मोजणार. उडी सगळ्यांत खरी. धावताना लबाडी करता येते, उडीत येत नाही."

उडी मोजायची रीत तो पुण्याला शिकला होता. पोरानं भिंतीला खांदा लावून उभं राहायचं, बोटं कावेत बुडवायची, टाचा न उचलता हात जाईल तितका वर नेऊन तांबडी खूण करायची. मग त्याच जागेवरून, एक पाऊलही न धावता, गुडघे वाकवून उडी मारायची आणि वर दुसरी खूण करायची. दोन खुणांमध्ये जितके इंच, तितकी त्या पोराची उडी. उंच पोराला उंचीचा फायदा नाही, बुटक्याला तोटा नाही.

अडचण भिंतीची होती. शाळेच्या पडव्या उतरत्या कौलांच्या, हात वर केला की वाशाला लागायचा. तालीमखान्याची भिंत उंच होती, पण पावसाळ्यासाठी तिच्या अंगाला रचलेली लाकडं अजून तशीच होती. मग त्याला सड्यावरची भिंत आठवली. शाळेच्या मागं पाच-सात मिनिटं चढून गेलं की उघडा कातळ लागे, आणि त्या कातळावर चिऱ्यांची एक भिंत एकटीच उभी होती. दहा फूट उंच, दहा-बारा पावलं लांब. अलीकडं काही नाही, पलीकडंही काही नाही. पलीकडं फक्त करवंदीची जाळी आणि गवतात बुडालेले जोत्यांचे चार दगड. खाली समुद्र. तिला सगळे कारंटीनची भिंत म्हणत, आणि असं का म्हणत हे आता कोणी विचारीत नसे. काशीरामनं दोन पोरांकडून तिच्यावर चुन्याचा हात मारून घेतला. पांढऱ्यावर तांबडं उठून दिसतं.

पहिल्या दिवशी पोरांसाठी पाणी घेऊन येसूबाई आली. ही शाळेत पाणी भरायची. पंचेचाळिशीची, सुकी, काटक बाई, नवरा कधीचा गेलेला. पोरं जिथं ड्रिल करतील तिथं कळशी नेऊन ठेवायची हा तिचा रिवाज. त्या दिवशी तिनं कळशी वाटेच्या वळणावरच उतरवली आणि वळली.

"येसूबाई, इकडं आणा की," काशीराम म्हणाला.

"हितनं नेतील ती. चार पावलं चालली तर पाय झिजत नाय त्यांचे," ती म्हणाली, आणि भिंतीकडं न बघता खाली उतरून गेली.

काशीरामनं तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. त्याचं काम सुरू झालं होतं.

संघाचा कप्तान रघू, सतरा वर्षांचा बुटका, दणकट पोरगा, बारा इंच उडाला. बाकीचे नऊ, दहा, अकरा. एकानं तर चारच इंच उडी मारली आणि सगळे हसले. सगळ्यांत शेवटी आला लवू शिवलकर. किल्ल्यावर राहणारा, बाप मचव्यावर तांडेल, पोरगा पंधरा वर्षांचा. अंगात मांस नाही, बोलणं नाही. तो उभा राहिला, वाकला, उडाला आणि खाली आला. काशीरामनं फीत लावली. सोळा इंच. पुन्हा लावली. सोळाच. जमिनीपासून मोजलं तर खूण आठ फुटांना एक इंच कमी, म्हणजे सव्विसांत सगळ्यांत वरची.

"गोलात तू उभं राहायचंस," काशीराम म्हणाला. लवूनं मान हलवली, पण तो आपल्या खुणेकडं बघत नव्हता. तिच्या जरा वर, कोऱ्या चुन्याकडं बघत होता.

आठवड्यातून दोनदा मोजायचं असं ठरलं होतं. दुसऱ्या खेपेला लवू वीस इंच उडाला. चार दिवसांत चार इंच वाढत नाहीत हे काशीरामला ठाऊक होतं, पण पोरांची वाढ कशी होईल सांगता येत नाही, असं मनाशी म्हणून त्यानं आकडा लिहिला. तिसऱ्या खेपेला लवू उडाला तेव्हा पोरं आपापसांत बोलत होती, ती एकाएकी गप्प झाली. काशीराम फीत घेऊन पुढं झाला. भिंतीवर खूणच नव्हती.

"हात लावला नाहीस?"

"लावला," लवू म्हणाला.

"बोटं दाखव."

लवूनं बोटं पुढं केली. कावेत बुडवून दोन मिनिटंही झाली नव्हती, आणि बोटं स्वच्छ होती. नखांच्या कडेला तेवढी तांबडी रेघ. पुसल्यासारखी. अंगावर, चड्डीवर कुठं डाग नाही.

काशीरामनं पुन्हा उडी मारायला लावली आणि या वेळेस भिंतीकडं न बघता पोराकडं बघितलं. लवू वर गेला. वर गेलेला माणूस जिथं थांबतो आणि खाली येऊ लागतो, ती जागा डोळ्यांना ओळखीची असते. हजार वेळा बघितलेली असते. लवू त्या जागेला थांबला आणि थांबूनच राहिला. फार नाही. एखाद्यानं श्वास घेऊन सोडावा इतकंच. मग खाली आला. कातळावर टाच आपटली की आवाज होतो. त्याचा झाला नाही.

भिंतीवर या खेपेस खूण होती. आठ फुटांच्या वर, चार बोटांची, पुसट तांबडी. काशीराम जवळ गेला. फीत लावायला हात वर केला आणि तो हात तसाच राहिला. पोरांच्या सगळ्या खुणांची टोकं आभाळाकडं होती. या खुणेची टोकं जमिनीकडं होती. बोटंही बारीक होती, लवूच्या बोटांहून बारीक. जणू कोणी वरून हात खाली सोडला होता आणि त्या हाताला लवूच्या बोटांची काव लागली होती.

"आज पुरे," काशीराम म्हणाला. "जा घरी."

त्यानं लवूला तेवढं थांबवून घेतलं. पोरं वळणाआड गेल्यावर विचारलं, "वर गेलास की काय होतं?"

लवू पायानं कातळ खरवडत राहिला. मग म्हणाला, "कोण तरी धरतं."

"कोण?"

"दिसत नाही. हात असतो. पहिल्या दिवशी नुसता लागला. मग धरू लागला."

"घाबरतोस?"

"धरतं तेव्हा नाही," लवू म्हणाला. "सोडतं तेव्हा वाटतं. सोडताना त्याला नको असतं."

काशीरामनं त्याला घरी पाठवलं. स्वतः मात्र तिथंच राहिला. दुपारचे चार-साडेचार झाले असतील, ऊन चांगलं लख्ख होतं, समुद्रावर दोन मचवे दिसत होते. पलटणीत असताना त्यानं मेलेली माणसं पुष्कळ बघितली होती आणि एकही परत आलेलं बघितलं नव्हतं. त्यानं कोट काढून करवंदीवर टाकला. भिंतीच्या पलीकडं जाऊन बघितलं. गवत, दगड, एक सरडा. अलीकडं आला, खांदा लावला, हात वर नेला. सव्वासात फूट. दहा इंच उडी मारली तरी आठाच्या वर जाईल, असा हिशोब त्यानं केला, गुडघे वाकवले आणि उडाला.

हात लागला.

लागला म्हणजे भिंत लागली नाही, हातच लागला. लहान, सुकलेला, आणि तापानं फणफणलेला. गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळ हात न्यावा तसा चटका त्याच्या बोटांना बसला आणि तो खाली आला तो तोल जाऊन गुडघ्यांवरच. मग वाटेच्या वळणावर जाऊन येसूबाईनं ठेवलेल्या कळशीतलं उरलंसुरलं पाणी त्यानं हातावर ओतून घेतलं. वहीत त्या दिवशी त्यानं काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर गेला. येसूबाई रहाट ओढत होती. पुढं-मागं न करता त्यानं विचारलं, "तिथं वर कोण आहे, येसूबाई?"

रहाट थांबला. पोहरा अर्ध्यात लोंबत राहिला.

"तुमाला लागला काय?" तिनं विचारलं.

"लागला."

तिनं पोहरा वर घेतला, कळशीत ओतला, विहिरीच्या काठावर टेकली. "मला वाटला, मेली असंल ती आता तरी," ती म्हणाली. "मेल्यावर पन मानूस मरायला येळ लागतो काय?"

मग तिनं सांगितलं. मुंबईला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला होता त्या वर्षांतली गोष्ट. तिचा बाप मुंबईत गिरणीत होता, तो तापानं गेला. आई आणि थोरली बहीण मालन आगबोटीनं परत आल्या. आगबोटीनं येणाऱ्यांना तेव्हा गावात सोडत नसत. सड्यावर झापांच्या खोपी घातल्या होत्या, तिथं दहा दिवस ठेवीत. त्यालाच कारंटीन म्हणत. गावातल्या माणसांनी जवळ येऊ नये म्हणून वाटेच्या बाजूला भिंत घातली होती आणि शिपाई बसवला होता. येसू तेव्हा आठ वर्षांची, आजीपाशी राहायची. आजी रोज तिला घेऊन भिंतीपाशी यायची.

"आत पान्याचा पिंप व्हता. मालन त्याच्यावर उभी ऱ्हायची, भिंतीवर पोटानं ओनवी व्हयाची, नि हात खाली सोडायची. मी खालनं उडी मारायची. लागला नाय की ती वरनं हसायची. म्हनायची, येसू, गुडघं वाकव, अजून वाकव. मग आजी मला काखंत धरून वर फेकायची नि मंग लागायचा." येसूबाईनं पदर सारखा केला. "नवव्या दिवशी धरलान. रोज नुसता लागायचा तो त्या दिवशी घट्ट धरलान. भाजत व्हता हात. आजीनं सांगून ठेवला व्हता मला, हात भाजला तर झटकायचा. मी झटकला."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी हात नव्हता. चौथ्या दिवशी खोपी जाळल्यानी. आई वाचली, ती नाय. भिंत तेवढी ऱ्हायली." ती उठली. "तेराची व्हती. त्या पोराला तिकडं नेऊ नका, मास्तर. ती वाईट नाय. पन तिला आता सोडवत नसंल."

काशीरामनं ऐकलं. त्याच दिवशी त्यानं दोन गडी लावून तालीमखान्यालगतची लाकडं हलवली आणि उडीची खूण तिथं करायला लावली. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, सड्यावरच्या भिंतीचा चुना पोपडे धरतोय. तालीमखान्याच्या भिंतीवर लवू सोळा इंच उडाला. सगळ्या पोरांना हायसं वाटलं, काशीरामला सगळ्यांहून जास्त. लवूला मात्र वाटलं नाही. तो सारखा खिडकीतून सड्याकडं बघायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता कुठं तरी जायचा. काशीरामनं त्याला दटावलं, नजर ठेवली, पण शाळेत त्याच्यावर दोनशे पोरांची जबाबदारी होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, भर बारा वाजता, रघू धावत ऑफिसापाशी आला. धावत आला तरी तो ओरडला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, लवू भिंतीपाशी आहे. खाली येत नाही."

काशीराम धावला. विहिरीवरून येसूबाईनं त्याला जाताना बघितलं आणि कळशी टाकून तीही मागून निघाली.

सड्यावर सावली म्हणून कुठं नव्हती. भिंतीची सावलीसुद्धा तिच्या पायाशी गोळा झाली होती. लवू भिंतीला चिकटून लोंबत होता. उजवा हात सरळ वर, डोकं एका खांद्यावर कललेलं, पाय जमिनीपासून दीड वीत वर. त्याच्या पंज्याच्या वर भिंतीचा माथा अजून दोन फूट होता. त्यानं काहीच धरलेलं नव्हतं. पाय हळूहळू हलत होते, खुंटीवरचं कापड वाऱ्यानं हलावं तसे.

काशीरामनं त्याच्या मांड्यांना मिठी मारली आणि खाली ओढलं. पोराचं अंग ताणलं गेलं, पण आलं नाही. पलीकडून कोणी ओढत नव्हतं. ओढणाऱ्याशी झगडणं काशीरामला ठाऊक होतं. ही ओढ नव्हती, हे नुसतं धरून ठेवणं होतं. लवूचे डोळे उघडे होते. ओठ कोरडे पडले होते आणि अंग तापलं होतं.

"हात झटक," काशीराम म्हणाला. "लवू, ऐकतोस? झटक हात."

"झटकवत नाही," लवू पुटपुटला. "तिला वाईट वाटंल."

तोवर येसूबाई वर आली. सदतीस वर्षं ती या वळणाच्या पुढं आली नव्हती. ती धापा टाकत भिंतीपाशी गेली, दोन्ही तळवे चुन्यावर टेकले, मान वर केली आणि रोजच्या, घरातल्या आवाजात म्हणाली, "मालन. गो मालन. मी येसू. त्याला सोड. तो लोकाचा पोर हाय, त्याची आई वाट बघंल. मी हय हाय ना. मी आलंय."

खाली खडकावर लाट फुटल्याचा आवाज आला. मग लवूचं सगळं वजन एकदम काशीरामच्या अंगावर पडलं आणि दोघं कातळावर कोसळले.

लवूच्या मनगटावर चार बारीक बोटांचे वण उठले होते, तव्याला लागल्यासारखे. तीन दिवस त्याला ताप होता. काशीराम किल्ल्यावर त्याच्या घरी बसून राहिला. रोज सकाळ-संध्याकाळ तो पोराच्या काखा आणि जांघा चाचपून बघायचा, गाठ आली का म्हणून, आणि त्याच्या आईला का ते सांगायचा नाही. गाठ आली नाही. चौथ्या दिवशी लवूनं पेज मागितली आणि वर भाजलेला बांगडा मागितला. त्याची आई पदर तोंडाला लावून चुलीपाशी गेली. वण राहिले, ताप गेला.

दिवाळीनंतर सामना झाला. लवू गोलात उभा राहिला. सोळा इंच उड्या मारल्या, दोन चेंडू अडवले, एक सुटला. रघूनं एक गोल घातला आणि सामना बरोबरीत सुटला. चिपळूणची पोरं जेवून परत गेली. पोरांच्या लेखी गोष्ट तिथं संपली.

त्यानंतर चार-आठ दिवसांनी येसूबाई तालीमखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. आत पोरं नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "मला उडी शिकवा."

काशीरामनं हातातली फीत खाली ठेवली. "मी तुम्हाला खांद्यावर उचलून धरतो," तो म्हणाला. "नाही तर शिडी नेऊ."

"परवा नेली व्हती मी शिडी," ती म्हणाली. "भिंतीच्या टोकाला हात लावून आलंय. काय नाय तिथं, चिरा हाय नुसता. उडीच मारायला होवी. मी उडीच मारायची ना तवा." मग म्हणाली, "त्या दिवशी मी हय हाय म्हनून सांगितला तिला. पोराला सोडलान तो त्या बोलीवर सोडलान. आता मी गेलं नाय तर तिला काय वाटंल?"

मग रोज सकाळी शाळा उघडायच्या आधी काशीराम सुर्वे पंचेचाळीस वर्षांच्या बाईला उडी शिकवू लागला. पोरांना शिकवतो तसंच शिकवलं, एक गोष्टही गाळली नाही. हात मागं न्या, गुडघे वाकवा, हात वर फेकताना श्वास सोडा, टाच शेवटी उचला. ती कासोटा घट्ट खोचून यायची आणि न हसता, न लाजता उड्या मारायची. पहिल्या दिवशी तीन इंच. आठवड्यानं पाच. पंधरवड्यानं सात. उभ्यानं तिचा हात सहा फुटांना जेमतेम लागत होता. सात इंचांनी काही व्हायचं नाही, हे आकडे मांडणाऱ्या काशीरामला दिसत होतं, पण तो बोलला नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, आठच्या सुमाराला, दोघं सड्यावर गेली. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि दंवानं ओलं होतं. येसूबाईनं कमरेची चंची सोडून कातळावर ठेवली.

"मला मधी धरू नका," ती म्हणाली.

"वीस मोजीन," काशीराम म्हणाला. "वीसला धरणार. माझ्याच्यानं त्याहून थांबवणार नाही."

ती कबूल झाली. भिंतीला खांदा लावून उभी राहिली आणि उडाली. खाली आली. दुसऱ्यांदा उडाली. खाली आली, कातळावर पाय आपटले, गुडघा धरून ती क्षणभर वाकली. काशीराम पुढं सरला तशी तिनं हातानंच त्याला मागं थांबवलं. मग वर बघून, कोणाशी तरी बोलावं तसं म्हणाली, "वाकवतंय गो, अजून वाकवतंय." आणि खूप खाली वाकून तिसऱ्यांदा उडाली.

काशीरामनं मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तिचे पाय जमिनीपासून हातभर वर होते आणि तिथंच होते. चार. पाच. सात इंचांनी हात जिथं पोचला असता त्याच्या पुष्कळ वर तिचा हात होता. आठ. तिचं तोंड भिंतीकडं होतं, त्याला दिसत नव्हतं. ती काही बोलत होती, हळू, एकसारखं, सासरहून आलेल्या बहिणीला घरातलं सांगावं तसं. आजी कधी गेली, आई कधी गेली, असले शब्द त्याच्या कानी आले आणि त्यानं कान काढून घेतले. बारा. तेरा. तो एक पाऊल पुढं सरला. पंधरा. ती बोलायची थांबली. सोळा. सतरा.

ती खाली आली. आवाज झाला नाही.

काशीराम जवळ गेला. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. चेहरा रडलेला नव्हता. खूप दूर चालून आलेल्या माणसाचा होता.

"धरलंन?" त्यानं विचारलं.

"धरलान."

"मग?"

"मी झटकला नाय," येसूबाई म्हणाली. "तिनंच सोडलान. हळू. एकेक बोट."

शाळेची पहिली घंटा खालून ऐकू आली. काशीरामनं तिला उठवायला हात दिला. तिनं डावा दिला. तो दंवासारखा गार होता. उठताना तोल गेला म्हणून तिनं दुसराही त्याच्या मनगटावर टेकला, आणि त्यानं दचकून मनगट मागं घेतलं. तो हात भाजत होता.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

त्या दिवशी शाळेत पाणी उशिरा आलं. पोरांनी तक्रार केली, आणि हेडमास्तरांनी येसूबाईला ऑफिसाच्या पायरीशी बोलावून चांगलेच बोल लावले. ती मान खाली घालून सगळं ऐकत राहिली. उलट शब्द बोलली नाही. उजवा हात तेवढा तिनं पदराखाली, पोटाशी धरला होता.